पाहण्याची विद्या : हालचालींच्या विकारांचे तज्ज्ञ कसे घडतात?

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरू लागला की घरातले म्हणतात, वय झाले. पाय घासत चालू लागला की म्हणतात, गुडघे गेले. चेहरा गोठल्यासारखा झाला, बोलणे पुटपुटण्यावर आले, की त्याने काहीतरी मनाला लावून घेतले आहे असे ठरते. तिशीतल्या बाईची मान आपोआप एका बाजूला वळू लागली तर आधी देवऋषी गाठला जातो, डॉक्टर नंतर. आठवीतल्या मुलाचे अक्षर बिघडले, जीभ जड झाली, हातातला पेला हिंदकळू लागला, तर शाळेत तो आळशी ठरतो.

वैद्यकाच्या दृष्टीने ही सगळी एकाच घराण्यातली दुखणी असू शकतात. डॉक्टर त्यांना मूव्हमेंट डिसऑर्डर म्हणतात. आपण हालचालींचे विकार म्हणू. लकव्यात बळ जाते. या विकारांत बळ बहुधा शाबूत असते, पण हालचालीवरचा ताबा सुटतो. कधी हालचाल कमी आणि मंद होते, कधी नको असताना आपोआप होते. पार्किन्सन म्हणजे आपला कंपवात, अवयव पिळवटणारा डिस्टोनिया, नाचल्यासारख्या हालचालींचा कोरिया, तोल घालवणारा अटॅक्सिया, शरीरात तांबे साठवणारा विल्सनचा आजार, ही त्यातली ठळक नावे.

या विकारांचे एक वैशिष्ट्य मला वर्षानुवर्षे खुणावत आले आहे. यांतले बहुतेक ओळखावे लागतात ते नजरेने. नेहमीच्या व्यवहारात पार्किन्सनचा निकाल लावणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआय पुष्कळदा निर्दोष येतो. रुग्ण खुर्चीतून कसा उठतो, वळताना किती पावले टाकतो, चालताना कुठला हात हलत नाही, हे पाहणाऱ्याला दिसले तर निदान होते. नाही तर होत नाही. म्हणून या शाखेचा इतिहास हा मुख्यतः शिकवण्याचा इतिहास आहे. पाहायला कोणी कोणाला शिकवले, ती साखळी कुठून कुठे आली आणि कुठे थांबली, हा या लेखाचा विषय. मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिके आणि ग्रंथ वाचत जे हाती लागले, ते जालन्यात बसून मांडतो आहे.

रस्त्यावरचे रुग्ण, मंगळवारचे वर्ग

कंप हा आजार आपल्या वैद्यांना अपरिचित नव्हता. चरकसंहितेत वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत, त्यांत 'वेपथु' म्हणजे थरथर आहे. पण आजच्या अर्थाने या रोगाचे सलग वर्णन आले ते १८१७ साली. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी थरथरणाऱ्या लकव्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात रुग्ण अवघे सहा, आणि त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यावर येता-जाता पाहिलेले. एक तर लांबूनच दिसलेला. ना कसली तपासणी, ना यंत्र. पुढे वाकलेले शरीर, तोल सावरायला पळत सुटणारी पावले आणि विसावलेल्या हाताचा कंप एवढेच त्यांनी टिपले, आणि दोनशे वर्षांनंतरही ते वर्णन ओळखीचे वाटते.

पार्किन्सन यांनी पाहिले, पण पाहायला शिकवण्याची रीत घातली ती पॅरिसच्या ज्याँ मार्तँ शार्को यांनी. साल्पेत्रिएर हे गरीब, वृद्ध आणि असाध्य रोग्यांचे प्रचंड रुग्णालय. हजारो रुग्ण वर्षानुवर्षे तिथेच राहत असल्याने एकाच रोगाची शंभर रूपे शेजारी शेजारी ठेवून पाहता येत. शार्को यांच्या मंगळवारच्या वर्गात रुग्णाला सर्वांसमोर आणून तपासले जाई. हात मांडीवर विसावलेला असताना होणारा कंप आणि पेला उचलताना होणारा कंप हे वेगळ्या रोगांचे असतात, हा फरक त्यांनी ठसवला. या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले तेही त्यांनीच. बाबिन्स्की, तूरेत, पिएर मारी हे त्यांच्या हाताखालून गेलेले लोक. प्रत्येकाचे नाव आज कुठल्या ना कुठल्या लक्षणाला किंवा रोगाला चिकटलेले आहे.

लंडनमध्ये क्वीन स्क्वेअर इथे १८६० साली मज्जासंस्थेच्या रोगांचे रुग्णालय सुरू झाले आणि हीच पद्धत तिथेही रुजली. पुढची जवळपास शंभर वर्षे हिंदुस्थानातल्या होतकरू डॉक्टरला हे शास्त्र शिकायचे तर बहुधा लंडनची वाट धरावी लागे.

मुंबईत रुजलेले बी

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय १८४५ पासून आहे, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के. ई. एम. १९२५-२६ पासून. पण स्वातंत्र्यापर्यंत मेंदूचे रोग पाहायचे ते जनरल फिजिशियननेच. स्वतंत्र शाखेची चाहूल लागली ती १९५१ साली. मद्रासला जेकब चांडी, बी. रामामूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग या चौघांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. मुंबईत के. ई. एम.मध्ये डॉ. एडी भरुचा आणि जे. जे.मध्ये डॉ. नोशीर वाडिया यांनी या शाखेचा पाया घातला.

सुरतेत १९२५ साली जन्मलेले वाडिया लंडनला रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकून १९५७ साली मुंबईला परतले. जे. जे.चा वॉर्ड म्हणजे मुंबईचे साल्पेत्रिएरच. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून, अगदी आमच्या मराठवाड्यातूनही शेवटचा उपाय म्हणून माणसे तिथे येत. परदेशी पाठ्यपुस्तकात नसलेली दुखणीही येत.

त्यातूनच मराठी वाचकाने जाणून घ्यावी अशी एक गोष्ट घडली. तोल जाणे, हात थरथरणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली काही कुटुंबे वाडिया पाहत होते. पुस्तकाप्रमाणे तो आनुवंशिक अटॅक्सिया. तिथे निदान संपायला हवे होते. पण त्यांना या रुग्णांच्या नजरेत काही वेगळे दिसले. एका वस्तूवरून दुसरीकडे पाहा म्हटले तर आपले डोळे क्षणात उडी मारतात. या रुग्णांचे डोळे तसे उडी घेत नव्हते, संथ सरकत होते. असा माणूस पुष्कळदा डोके वळवून नजर पोहोचवतो, आणि घरच्यांना त्यात वावगे काही वाटत नाही. वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी नऊ कुटुंबांवरचा हा अभ्यास १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि हा वेगळा रोग आहे असे म्हटले.

पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, एससीए-२ या रोगाचे जनुक सापडले. १९९८ साली वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय तपास 'ब्रेन'मध्येच छापला. संथ नजर ही या रोगाची महत्त्वाची खूण असल्याचे त्यातून पुढे आले. जनुकशास्त्राला जे पाव शतकाने कळले, ते जे. जे.मध्ये रुग्णासमोर बोट हलवून दिसले होते.

दुसरी गोष्ट भरुचा घराण्याची. मुंबईतल्या पारशी वसाहतींत दारोदार जाऊन मज्जासंस्थेच्या रोगांची पाहणी झाली. पार्किन्सनविषयीचा तिचा भाग १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १४,०१० लोकांत ४६ रुग्ण, म्हणजे लाखाला सुमारे ३२८. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने हा आकडा साऱ्या महाराष्ट्राला लावता येणार नाही. मला महत्त्वाची वाटते ती पाहणीची रीत. पहिल्या फेरीत घरोघर गेले ते न्यूरॉलॉजिस्ट नव्हते. साधी प्रश्नावली घेऊन शिकवून तयार केलेले कार्यकर्ते गेले, आणि ज्यांच्याविषयी शंका आली त्यांनाच तज्ज्ञांनी तपासले. ही रीत लक्षात ठेवावी; पुढे ती लागणार आहे.

औषध आले आणि तज्ज्ञ लागला

१९६० पर्यंत पार्किन्सनचे अचूक निदान करूनही डॉक्टरच्या हाती फारसे काही नसे. मग दशकभरात चित्र पालटले. मेंदूच्या एका भागात डोपामिन कमी पडते हे व्हिएन्नात कळले, १९६१ साली तिथेच लेव्होडोपा टोचून पाहिले गेले, आणि १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडाने, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेत दिले. खुर्चीला खिळलेली माणसे चालू लागली.

या औषधाचा एक धागा आपल्या कुंपणापर्यंत येतो. अंगाला लागली की आग उठवणारी खाजकुहिली, संस्कृतात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता. तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढल्याचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी मद्रासहून १९३७ सालीच छापले होते. त्याचा कंपवाताशी संबंध असेल हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बिया पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिल्या. १९७८ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया'त आलेल्या त्या निबंधाच्या लेखकांत वाडियांचेही नाव आहे. म्हणून कोणी कुंपणावरच्या बिया कुटून खाव्यात असे मुळीच नाही. मात्रेचा प्रश्न बियांतही तोच, गोळीतही तोच.

आणि मात्रेच्या याच प्रश्नाने नवा तज्ज्ञ जन्माला घातला. काही वर्षांतच दिसले की सुरुवातीचा गुण तसाच टिकत नाही. गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो; माणूस तासाभरापूर्वी चालत होता तो दारात थिजतो. उलट अंमल चढलेला असताना अंग वेडेवाकडे हलते. गोळी किती, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे माणसागणिक आणि वर्षागणिक बदलावे लागते. मेंदूचे सगळेच रोग पाहणाऱ्याला एवढा बारकावा सांभाळणे जड जाऊ लागले.

लंडनचे डेव्हिड मार्सडेन आणि न्यूयॉर्कचे स्टॅन्ली फान यांनी १९८५ साली मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी उभी केली. पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले आणि त्यासोबत रुग्णांच्या चित्रफितीही येऊ लागल्या. छापील शब्दाने कोरिया आणि डिस्टोनिया यांतला फरक सांगता येतो, दाखवता येत नाही, म्हणून फीत. शार्को यांचा मंगळवारचा वर्ग आता टपालाने घरी येऊ लागला. न्यूरॉलॉजी पूर्ण करून पुन्हा एक-दोन वर्षे याच रुग्णांत काढायची, या फेलोशिपची पद्धतही याच काळात पक्की झाली. आपल्याकडे बंगळुरूचे निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा या संस्थांत असे पदव्युत्तरोत्तर प्रशिक्षण मिळते. मुंबईत २००१ साली डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली आणि रुग्ण व घरचे यांनाही या शिक्षणात जागा मिळाली.

शंभरातले शहात्तर

एवढ्या जादा शिक्षणाने फरक पडतो का? लंडनच्या मेंदूपेढीतले दोन अभ्यास इथे बोलके आहेत. १९९२ साली अँड्र्यू ह्यूज आणि सहकाऱ्यांनी अशा शंभर जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, ज्यांना हयातीत न्यूरॉलॉजिस्टांनी पार्किन्सन असल्याचे सांगितले होते. तो आजार प्रत्यक्षात निघाला ७६ जणांत. उरलेल्या २४ जणांना दुसरेच काही होते. २००२ साली त्याच गटाने क्वीन स्क्वेअरच्या खास हालचाल-विकार विभागात पाहिलेल्या रुग्णांचा हिशेब मांडला. तिथे ज्या ७३ जणांना पार्किन्सन म्हटले होते, त्यांतल्या ७२ जणांत तो होता. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण वेगळे, काळ वेगळा. आकडे शेजारी ठेवताना जपून ठेवावेत. तरीही ते पुष्कळ सांगून जातात. आणि पहिल्या अभ्यासातली चूक न्यूरॉलॉजिस्टांची होती, तीही इंग्लंडातल्या. जिथे न्यूरॉलॉजिस्टच मोजके, तिथे काय होत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

चूक झाली तर काय होते, याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही आपल्याकडची नित्याची.

पहिले औषधाने होणाऱ्या कंपवाताचे. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटी थांबावी म्हणून मेटोक्लोप्रमाइड, आम्लपित्ताच्या काही जोडगोळ्यांत असलेले लेव्होसल्पिराइड, मानसिक आजारावरची काही औषधे. ही बराच काळ घेतली तर काहींच्या, विशेषतः वयस्कांच्या, हालचाली मंदावतात आणि हात कापू लागतात. दिसायला पार्किन्सनच. न शिकलेला डॉक्टर त्यावर पार्किन्सनची गोळी वाढवतो. मूळ गोळी चालूच राहते. शिकलेला डॉक्टर आधी विचारतो, घरातली औषधांची पिशवी आणा. कारणीभूत औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवले की अनेकांची लक्षणे काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतात. हे निदान करायला मशीन लागत नाही, पिशवी उपडी करायची सवय लागते.

दुसरे विल्सनच्या आजाराचे. लंडनच्या किनिअर विल्सन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. शरीर तांबे बाहेर टाकू शकत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठते. बहुधा शाळकरी वयात किंवा तरुणपणी अक्षर बिघडते, लाळ गळते, हात झटके देतो, स्वभाव बदलतो. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन आणले तेव्हापासून हा आजार आटोक्यात ठेवता येतो; मात्र उपचार वेळेत आणि जन्मभर हवेत. वेळ गेली तर मूल दगावते. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो, म्हणून जवळच्या नात्यात लग्ने होणाऱ्या समाजांत तो अधिक आढळतो. मामाच्या मुलीला पहिला मान देणाऱ्या मराठवाड्याने हे विशेष ध्यानात घ्यावे. दाराब दस्तूर, मंघाणी आणि वाडिया यांनी भारतातल्या अशा १६ कुटुंबांचा अभ्यास १९६८ सालीच प्रसिद्ध केला होता.

मेंदूपर्यंत पोचलेल्या विल्सनच्या बहुतेक रुग्णांच्या बुबुळाच्या कडेला तांब्याचे तपकिरी-हिरवट कडे दिसते. ते पाहायला नेत्रतज्ज्ञाचा स्लिट-लॅम्प पुरतो. जालना शहर डोळ्यांच्या उपचारांसाठी आसपासच्या जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. श्री गणपती नेत्रालयात दूरदूरची माणसे येतात. म्हणजे या रोगाची खूण पाहणारे यंत्र आणि ते वापरणारे डोळे आपल्या गावात आहेत. आळशी ठरलेल्या त्या मुलाला तिथवर पाठवणारा माणूस मात्र हवा.

जालन्याचे गणित

तो माणूस आजवर का नाही, याला इतिहास आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात. डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठायचे. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लोकांच्या तोंडी घाटी, १९५६ साली आले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तेच हे वर्ष. मुंबईला १८४५ साली जे मिळाले ते मराठवाड्याला मिळायला एकशे अकरा वर्षे लागली. जालना १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला. जालन्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडले ते २०२४ साली, शंभर जागांचे.

त्या पहिल्या तुकडीचे गणित मांडून पाहू. इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, म्हणजे २०३० उजाडले. एमडीची तीन, २०३३. न्यूरॉलॉजीच्या डीएमची तीन, २०३६. हालचालींच्या विकारांची एक वर्षाची फेलोशिप, २०३७. हे एकही प्रवेशपरीक्षा न हुकता, एकही वर्ष वाया न जाता. आणि एवढे शिकलेला माणूस जालन्यात परतेल याची हमी कोणी द्यावी? त्याच्या विद्येला लागणारा संघ, फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ, मेंदूची शस्त्रक्रिया करणारे, हे सगळे मोठ्या शहरात असतात. मुंबई इथून चारशे किलोमीटर. २०२३ च्या अखेरीस जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, समृद्धी महामार्गही आहे. पण गोळीचा अंमल दर तीन तासांनी उतरणाऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यालाच तो प्रवास किती लांब आहे ते कळते.

तेव्हा तज्ज्ञ येईल तेव्हा येईल. त्याची विद्या आधी आणता येते का, हा खरा प्रश्न. जालन्याला हे समजावून सांगायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केल्यापासून हे शहर बियाण्यांवर वाढले. पैदासकार बियाणे मूठभर असते. त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, आणि मग ते गावोगावच्या शेतात पोचते. पैदासकाराने स्वतः प्रत्येक शेतात जावे अशी अपेक्षा कोणी करत नाही.

इथेही तसेच करता येईल. पारशी वसाहतींत वापरली तशी सोपी प्रश्नावली मराठीत आशा कार्यकर्तीच्या हाती देता येईल: अक्षर बारीक झाले का, चालताना एक हात हलेनासा झाला का, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो का. जिल्हा रुग्णालयातल्या आणि तालुक्यातल्या फिजिशियनांसाठी महिन्यातून एक दिवस मुंबई किंवा पुण्याच्या तज्ज्ञाने रुग्णांसह वर्ग घेता येईल. येऊन-जाऊन असणाऱ्या हालचालींचे मोबाइलवरचे चित्रण घरचे आणू शकतात. स्नायूचा ताठरपणा चित्रणात कळत नाही, तो हातानेच पाहावा लागतो. पण चाल, कंप आणि वळण पुष्कळसे कळते. यांतल्या कशालाच मोठा खर्च नाही. शिकवणारा हवा, आणि शिकण्यासाठी राखून ठेवलेला वेळ हवा.

जालन्याच्या महाविद्यालयातली शंभर मुले लवकरच वॉर्डात उभी राहतील. त्यांना कोणी तरी एखादा रुग्ण दाखवून सांगावे की पाच मिनिटे काही विचारू नका, हात लावू नका, रिपोर्ट मागू नका. हा बाकावरून उठतो कसा, दारापर्यंत जातो कसा, वळतो कसा, तेवढे पाहा. शार्को यांनी हेच केले, वाडियांनी हेच केले. त्या पाच मिनिटांसाठी २०३७ ची वाट पाहण्याचे कारण नाही.